कुत्र्याचा चामडी गळपट्टा मऊ करणं आणि सांभाळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी दोन कुत्री. राणी ही कारवान, म्हणजे सडपातळ शिकारी जातीची, आणि बंड्या लॅब्रॅडॉर. सकाळी मैदानावर आजूबाजूची दहा-बारा मंडळी आपापली कुत्री शिकवायला घेऊन येतात. बसणं, थांबणं, हाकेला येणं याइतकेच प्रश्न पट्ट्यावर निघतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून काढली आहेत. साताऱ्याच्या हवेत, इथल्या पावसात आणि इथे मिळणाऱ्या सामानावर जे करून पाहिलं, तेवढंच यात आहे.

नवा पट्टा लाकडाच्या पट्टीसारखा कडक आहे. दुकानदारानं फसवलं का?

नाही. उलट बहुतेक वेळा ही चांगली खूण असते. बाभळीची साल, हिरडा अशा वस्तूंच्या अर्कात कमावलेलं चामडं सुरुवातीला ताठच असतं. कोल्हापुरी चप्पल पहिले आठ दिवस पायाला चावते आणि मग पायाचीच होऊन जाते, तसंच हे. क्रोमच्या क्षारांत कमावलेलं चामडं दुकानातच मऊ लागतं. पर्स, जॅकेट, बुटाचा वरचा भाग यांसाठी ते चांगलं. पण पट्ट्यावर रोज ओढ बसते, आणि तिथे ते लवकर ताणतं व भोकं लांबट होतात, असा माझा अनुभव आहे. शिकवण्यासाठी पट्टा घ्यायचा असेल तर मी डोळे झाकून साल-हिरड्याचाच घेईन.

पण चामडं कुठलं आहे हे घरी कसं ओळखायचं?

कापलेली कड बघा. भोकाच्या आतली बाजूही चालेल. साल-हिरड्याचं चामडं आरपार तपकिरी दिसतं. क्रोमच्या चामड्यात वरून रंग असला तरी मधला थर बहुधा निळसर-करडा असतो. दुसरी खूण पाण्याची. पाण्यात बोट बुडवून आतल्या खरबरीत बाजूवर एक थेंब ठेवा. साल-हिरड्याचं चामडं थेंब शोषून घेतं आणि तिथे गडद डाग पडतो, तो वाळल्यावर फिका होतो.

तिसरा प्रकार लगद्याचा. चामड्याचा चुरा डिंकासारख्या पदार्थात बांधून, वर प्लास्टिकचा थर देऊन केलेला. त्यावरही ‘जेन्युइन लेदर’ असा ठसा मारलेला मी पाहिला आहे, म्हणून ठशावर जाऊ नका. कड बघितली की तंतूंऐवजी पुठ्ठ्यासारखे थर दिसतात. असा पट्टा लहान पिल्लालाही घालू नका, तो सूचना न देता तुटतो.

बरं, मग मऊ कसा करायचा? अगदी पहिल्या दिवसापासून सांगा.

घाई नसेल तर दोन आठवडे धरा.

पहिल्या दिवशी पांढरं सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि पट्टा दोन्ही बाजूंनी पुसा. फडक्यावर रंग उतरला तर तो उद्या कुत्र्याच्या मानेवर उतरणार. विशेषतः पांढऱ्या आणि बदामी कुत्र्यांच्या मालकांनी हे नक्की करावं. फडकं स्वच्छ येईपर्यंत रोज एकदा पुसायचं आणि सावलीत वाळवायचं. काळ्या आणि लाल पट्ट्यांना तीन-चार दिवसही लागतात.

मग तेल. इंचभर रुंद पट्ट्याला पाव चमचा तेल पुरतं. ते थेट पट्ट्यावर ओतायचं नाही, फडक्याच्या टोकावर घ्यायचं आणि आतल्या बाजूला पातळ हात फिरवायचा. ही बाजू तेल सहज घेते. वरच्या गुळगुळीत बाजूला फडक्यावर उरलेलं तेलच बास. बक्कलाजवळ चामडं दुमडून शिवलेलं असतं, त्या घडीत मात्र बोटानं नीट लावा. पट्टा तिथेच आधी चिरतो. मग रात्रभर टांगून ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून वाकवायला सुरुवात करायची. पोळ्यांचं लाटणं घ्या, घरात ओरडा बसणार असेल तर काचेची बाटली घ्या. पट्ट्याची गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून तो लाटण्याभोवती टाका, दोन्ही टोकं धरा आणि ताक घुसळतो तसा मागेपुढे ओढा. बक्कलाच्या बाजूनं सुरू करून टोकापर्यंत जायचं. दहा मिनिटं पुरे. चामडं हाताला कोमट लागायला लागतं आणि आधी जो करकर आवाज येत होता तो बारीक होत जातो. हा आवाज कानांनी ओळखता यायला लागला की पट्टा कुठवर आला हे बघावं लागत नाही.

कागदाची करतो तशी पक्की घडी कधीच घालू नका. वरचा थर एकदा तडकला की तो सांधत नाही.

पाच-सहा दिवस असं केलं की पट्टा टेबलावर ठेवल्यावर स्वतःहून गोलाई धरतो. मग जेवणाच्या वेळी कुत्र्याच्या गळ्यात घाला, जेवण झालं की काढा. नंतर अंगणात अर्धा तास, मग एक छोटी चक्कर. उरलेलं काम कुत्र्याच्या अंगची ऊब आणि मानेची हालचाल करते, आणि ते आपल्या हातून कधीच तितकं चांगलं होत नाही.

कडा टोचतात, त्यांचं काय करायचं?

कडेवरून गालाची कातडी फिरवून बघा. तुम्हाला खरखर लागली तर कुत्र्यालाही लागते. चारशे नंबरचा पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवा, मग मधमाशांचं मेण घासा आणि स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं कड जोरात चोळा. घर्षणानं मेण वितळून तंतू बसतात आणि कड काचेसारखी होते.

पाण्यात भिजवून उन्हात ठेवला तर एका दिवसात काम होईल ना?

होणार नाही, पट्टा मरेल. भिजवल्यावर तो मऊ लागतो, पण वाळताना पाणी आतलं तेल आणि कमावणीचा काही अंश घेऊन जातं आणि चामडं आधीपेक्षा कडक होतं. गरम पाणी त्याहून वाईट. ओलं साल-हिरड्याचं चामडं साधारण सत्तर-ऐंशी अंश सेल्सिअसला आक्रसतं, वळतं आणि ठिसूळ होतं. मग त्याला कुठलंही तेल वाचवत नाही. केस वाळवायचा ड्रायर, गॅसची शेगडी, गाडीचा डॅशबोर्ड, मे महिन्यातली गच्ची, सगळ्यांना हीच सूचना.

कुठलं तेल लावायचं? आमच्याकडे खोबरेल आहे.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि पट्टे सगळ्यात जास्त खराब होतात तेही यानंच.

माझ्या हातून पहिला चांगला पट्टा असाच गेला. रात्रभर खोबरेलात बुडवून ठेवला होता. सकाळी तो मऊ झाला होता, पण कसा, तर भिजलेल्या पापडासारखा. दोन आठवड्यांत भोकं लांबली, मानेचे केस तेलकट झाले, त्यावर धूळ बसली, आणि शेवटी कुत्र्यानं वास घेत घेत तो कुरतडला. आमच्या चपला शिवणाऱ्या मामांकडे नेला तेव्हा त्यांनी तो दोन बोटांनी पिळून दाखवला, कडेनं तेल बाहेर आलं. म्हणाले, “चामड्याला तेल पाजायचं नसतं, चाटवायचं असतं.” त्या दिवसापासून पाव चमच्याच्या वर गेलो नाही.

आता एकेक तेल. घोडेस्वारीच्या सामानासाठी वापरतात ते नीट्सफूट तेल माझ्या मते पहिलं. ते गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढतात. आत झिरपतं आणि लवचीकपणा टिकवतं. खोगिराचं सामान विकणाऱ्यांकडे आणि ऑनलाइन मिळतं. नावासोबत ‘कंपाउंड’ असं लिहिलेलं असेल तर त्यात बहुधा खनिज तेल मिसळलेलं असतं. कुत्रा पट्टा चाटणारच, त्यामुळे शुद्ध असलेलंच घ्या.

एरंडेल दाट असतं पण चालतं. फडक्यावर हातानं गरम करून घ्यावं. खोबरेल अडीअडचणीला दोन-चार थेंब ठीक. ते लवकर खवट होत नाही हा त्याचा गुण, पण साधारण चोवीस अंशांच्या खाली ते गोठतं, त्यामुळे डिसेंबरात पट्ट्यावर पांढुरका थर दिसतो. तो बुरशीचा समजून लोक घाबरतात. बोटानं चोळल्यावर विरघळला तर ते खोबरेल.

शेंगदाणा, सूर्यफूल, करडई ही स्वयंपाकाची तेलं नकोत, चिकट होतात आणि वास मारतात. जवसाचं तेल अजिबात नको. ते हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून तर रंग आणि वार्निशात घालतात. पट्टा आतून वार्निश केल्यासारखा होतो. तुपाला मुंग्या लागतात. बुटांचं पॉलिश आत लावू नका, कुत्र्याच्या पोटात जातं.

पाणी झिरपू नये म्हणून घरचं मलम करता येतं. एक भाग मधमाशांचं मेण आणि वजनानं तीन भाग तेल. मेण साधारण त्रेसष्ट अंशांना वितळतं, म्हणून भांडं थेट आचेवर न ठेवता गरम पाण्यात ठेवायचं. थंड झाल्यावर ते लोण्यासारखं बसतं. वर्षभर पुरेल एवढं एका वाटीत होतं.

किती दिवसांनी तेल लावायचं?

कॅलेंडर बघून लावू नका. पट्टा वाकवा. वाकवलेल्या जागी रंग फिका पडून सुरकुत्या कोरड्या दिसल्या तर लावा, नाही तर नाही. आमच्याकडे वर्षातून तीन-चार वेळा होतं. पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात एकदा हे ठरलेलं.

माप कसं घ्यायचं? घट्ट किती असावा?

पट्टा जिथे बसतो तिथे मानेभोवती फीत फिरवा, फीत आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं आडवी ठेवून वाचा. पट्ट्याचं माप बक्कलाच्या काट्यापासून मधल्या भोकापर्यंत मोजतात, टोकापर्यंत नाही. पाच भोकं असतील तर तिसरं लागलं पाहिजे, म्हणजे दोन्हीकडे सोय राहते. नवा पट्टा मऊ होता होता थोडा वाढतो, त्यामुळे महिन्याभरानं माप परत बघा.

आमच्या कारवानच्या डोक्यातून पट्टा सरळ निघून जातो.

जाणारच. कारवान, पश्मी, मुधोळ यांची मान लांब आणि डोकं निमुळतं. मानेला बरोबर असलेला पट्टा कानांवरून सुटतो, म्हणून लोक तो आणखी आवळतात, आणि मग कुत्रं खोकत चालतं. राणी अशीच दोनदा सुटली होती.

या कुत्र्यांना दोन गोष्टी लागतात. पहिली रुंदी. चाळीस ते पन्नास मिलिमीटर रुंद आणि आतून मऊ अस्तर असलेला पट्टा. यांच्या मानेवर चरबी कमी आणि केस आखूड, अरुंद पट्टा थेट रुततो. दुसरी गोष्ट मार्टिंगेल पद्धत. पट्ट्याची दोन टोकं एका छोट्या फाशाला जोडलेली असतात. कुत्र्यानं मागे ओढलं की फासा आवळतो, पण ठरावीक मापापर्यंतच. पूर्ण आवळल्यावर दोन टोकं जवळ यावीत आणि पट्टा मानेच्या वरच्या भागाला नुसता लागून राहावा, दाबू नये. तेवढं जुळवून घेतलं की झालं. हा पट्टा फक्त दोरी हातात असताना घालायचा.

कारवानच्या जोडीला वाढलेलं चामडंही इथलंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे आहेत. मुधोळ गाव बागलकोट जिल्ह्यातच येतं. चपला करणाऱ्या कारागिराला माप आणि नमुना दिला तर तो पट्टा उत्तम शिवून देतो. दुकानातल्या तयार पट्ट्यांत या मापाचा पट्टा क्वचितच सापडतो.

पिल्लाला कधीपासून घालावा?

आधी हलका सुती किंवा नायलॉनचा पट्टा. पिल्लाची मान आठवड्याला बदलते, महागडं चामडं दीड महिन्यात लहान होतं. दर रविवारी दोन बोटांची तपासणी करा. सहा-आठ महिन्यांनंतर चामडं घ्या.

पॉमेरेनियन आणि पग पाळणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फिरायला नेताना दोरी पट्ट्याला बांधू नका, छातीचा हार्नेस घ्या. पॉमेरेनियनमध्ये श्वासनलिका दबण्याचा त्रास बराच दिसतो, आणि पगचा श्वास मुळातच अडलेला असतो. पट्टा फक्त बिल्ल्यापुरता.

नवा पट्टा घालून लगेच शिकवायला सुरुवात केली तर?

करू नका. कडक पट्टा मानेला टोचत असताना तुम्ही ‘बस’ म्हणालात, की कुत्र्याच्या मनात ‘बस’ आणि टोचणं यांची गाठ बसते. ती सोडवायला महिने जातात. पट्टा मऊ होईपर्यंत जुन्यावर शिकवा, नवा फक्त जेवण आणि खेळ यांच्या वेळी घाला. काही दिवसांनी पट्टा हातात घेतल्याबरोबर तो मान पुढे करतो. बंड्या तर बक्कलाचा आवाज ऐकून शेपटीनं दार बडवतो. तिथून शिकवणी सुरू करायची.

आणि पट्टा झटका देण्यासाठी नसतो. काटेरी पट्टे आणि आवळत जाणाऱ्या साखळ्या मी वापरत नाही, आमच्या मैदानावर कुणाला वापरूही देत नाही. रुंद चामडी पट्टा आणि खिशात उकडलेल्या अंड्याचे तुकडे, एवढ्यावर आजवर सगळी कुत्री शिकली.

पावसाळ्यात पट्ट्यावर पांढरी-हिरवी बुरशी येते.

जून ते सप्टेंबर आमच्याकडे भिंतींना येते, पट्ट्याला का येणार नाही? बुरशीला ओल, अंधार आणि कोंडलेली हवा लागते. कपाटातली प्लास्टिकची पिशवी म्हणजे तिघांची सोय.

बुरशी आलीच तर पट्टा घराबाहेर न्या आणि कोरड्या फडक्यानं झटका. घरात झटकली तर कण सगळीकडे पसरतात. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात फडकं पिळून पुसा. शिवणीच्या रेघेत आणि भोकांत जुना दात घासायचा ब्रश फिरवा, बुरशी तिथेच दडून राहते. पंख्याखाली दोन दिवस वाळवा आणि शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. भरपूर तेल लावलेला पट्टा बुरशी जास्त धरतो, हेही लक्षात ठेवा.

ठेवायची जागा म्हणजे हवेशीर भिंतीवरचा खुंटा. डांबराच्या गोळ्या शेजारी ठेवू नका. त्यातलं नॅफ्थलीन कुत्र्यांना विषारी असतं आणि चामडं तो वास धरून ठेवतं.

माझं स्पष्ट मत असं की पावसाळ्यात चामडी पट्टा बाहेर नेऊच नये. चार महिने नायलॉन, आणि चामडं फक्त छपराखालच्या शिकवणीला.

समुद्रात पोहून आला, आता?

कोकणात किंवा गोव्याला जाताना चामडं घरी ठेवा, हे पहिलं उत्तर. भिजलाच तर साध्या पाण्यातून दोनदा काढा, मीठ आत राहिलं तर चामडं कोरडं पडतं आणि बक्कल गंजतं. टॉवेलात दाबून पाणी टिपा, पिळू नका. गोल आकारात सावलीत ठेवा. हाताला किंचित दमट लागत असतानाच तेल लावा, पूर्ण सुकल्यावर नको.

बक्कलाजवळ हिरवं चिकट काहीतरी जमतं. काळे डागही पडलेत.

हिरवं म्हणजे पितळेतलं तांबं आणि चामड्यातली चरबी यांची प्रक्रिया. बांबूच्या काडीनं खरवडा आणि कोरड्या फडक्यानं पुसा. चिंच, लिंबू, पितांबरी हे सगळं देवाच्या भांड्यांना ठेवा, बुरशीसाठी पाणी घालून पिळलेलं व्हिनेगर सोडलं तर आंबट पदार्थ चामड्याला लागू देऊ नका.

काळे डाग लोखंडाचे. गंजलेलं लोखंड आणि हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे चामडं कमावणारं तुरट द्रव्य, एकत्र आलं की गडद काळा रंग तयार होतो. कलमकारीतला पारंपरिक काळा रंग याच मेळातून येतो. म्हणजे तुमच्या बक्कलावरचा मुलामा उडाला आहे आणि आतलं लोखंड उघडं पडलं आहे. डाग निघत नाही. बक्कल बदला, पुढच्या वेळी भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्या. लोहचुंबक लावून बघा, चिकटलं तर आत लोखंड आहे आणि पितळ नुसतं मुलाम्याचं.

पट्ट्याखालचे केस गेलेत.

पट्टा काढा आणि उजेडात केस बाजूला करून कातडी बघा. नुसते केस झिजले असतील तर पट्टा अरुंद आहे किंवा कड खरबरीत आहे. लाल, ओलसर किंवा वास येणारी जागा असेल तर पट्टा बंद आणि डॉक्टरांकडे. गोचीडही पट्ट्याखालीच बसतात, तिथे पंजा पोचत नाही ना. अंघोळीनंतर मान पूर्ण वाळल्याशिवाय पट्टा घालू नका. गोचीडीचं औषध मानेवर थेंबानं टाकलं असेल तर तेही पूर्ण वाळू द्या, चामड्यानं शोषलं तर औषध वाया जातं आणि पट्टाही बिघडतो.

रात्री काढायचा का?

हो. घरात कुणी लक्ष ठेवणारं नसतानाही काढायचा. ग्रिलमध्ये, पलंगाच्या कोपऱ्यात अडकतो. दोन कुत्री मस्ती करताना तर नक्की काढा. एकाचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकला की दोघंही घाबरून उलट्या दिशांना ओढतात, आणि बक्कल सोडवायला हात घालणाऱ्याची बोटं चावली जातात. काढलेला पट्टा मात्र त्याच्या तोंडाला लागेल असा टाकू नका. त्याच्या दृष्टीनं ती चघळायचीच वस्तू आहे.

पट्टा टाकून द्यायची वेळ कधी आली समजायचं?

बक्कलाच्या घडीत आडवी चीर दिसली, भोक अंड्यासारखं लांबलं, सलग दोन-तीन टाके सुटले, दोरी अडकवायच्या कडीच्या जोडात नखाएवढी फट पडली, किंवा दातानं कुरतडून जाडी कमी झाली, यातलं एकही दिसलं की पट्टा वापरणं थांबवा. टाके आणि भोकं दुरुस्त होतात, चीर होत नाही.

कडी कशावर धरली आहे हेही उलटून बघा. काही वर्षांपूर्वी एका दुकानातून घेतलेल्या पट्ट्यात कडी एकाच रिव्हेटवर होती. वरून सुंदर. संध्याकाळी हमरस्त्याच्या कडेनं चालताना मांजर आडवं गेलं, राणीनं झेप घेतली आणि माझ्या हातात नुसती दोरी उरली, टोकाला कडी लोंबत होती. राणी रस्ता ओलांडून उसाच्या शेतात गेली. ट्रकचा हॉर्न अजून कानात आहे. पाऊण तास हाका मारल्या तेव्हा बांधावरून परत आली. तेव्हापासून कडीच्या दोन्ही बाजूंना मेणाच्या दोऱ्याची दुहेरी शिवण असेल आणि वर रिव्हेट असेल, तरच पट्टा घेतो. नुसता रिव्हेट असेल तर मामांकडून शिवून घेतो, दहा मिनिटांचं काम आहे.

जुना पट्टा टाकताना बक्कल आणि कडी काढून घ्या. भरीव पितळ चामड्याहून कितीतरी जास्त टिकतं. राणीच्या गळ्यात आत्ता जे बक्कल आहे, ते तिच्या तिसऱ्या पट्ट्यावर चढलेलं आहे.